बेंडिगोहून आल्यावर सांगू

आईचा व्हिसा संपायला तीन आठवडे उरले होते आणि तिने ऑस्ट्रेलियात काय पाहिलं होतं, तर मेलबर्नच्या कडेचं आमचं ट्रुगानिना. त्यातही आमची गल्ली, गल्लीच्या टोकाचं तळं, आणि शनिवारी किराणा भरायला आम्ही जातो ते दुकान. सहा महिन्यांतले पाच असेच गेले. नवऱ्याच्या शिफ्टा होत्या, माझं प्रोजेक्ट लाइव्ह जायचं होतं आणि उरलेला वेळ लेकीच्या नेटबॉलने खाल्ला. दर शुक्रवारी मी "पुढच्या वीकेंडला नक्की" म्हणायचे आणि आई म्हणायची, "अगं, मी काय पाहुणी आहे का?"

ती तक्रार करणाऱ्यांतली नाहीच. पण एकदा दुपारी ती फोनवर मावशीला सांगत होती ते मी ऐकलं. "इथे सगळं छान आहे गं ताई. घरं छान, रस्ते छान. फक्त माणसं कुठे ठेवतात कोण जाणे." मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जे करते तेच केलं. सहलीसाठी एक एक्सेल शीट उघडली.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. एकोणऐंशी वर्षांची. पुण्यात कर्वेनगरला मुलगा-सुनेकडे राहायची. दोघी बहिणींचा रोज फोन व्हायचा, आमच्या दुपारी चारला. मावशीचा तेव्हा स्वयंपाक आटपलेला असायचा आणि आईचा चहा व्हायचा असायचा. मावशीने वीस वर्षं तिच्या भिशीच्या बायकांच्या सहली काढल्या होत्या. पंचवीस बायका आणि एक बस. परत आल्यावर उरलेले पैसे सुट्ट्या नाण्यांपर्यंत वाटून द्यायची, असा तिचा लौकिक. त्यामुळे आमच्या सहलीची बातमी तिच्या कानावर गेली त्या क्षणी सहल माझ्या हातातून गेली.

सिडनी विमानाच्या तिकिटांवरच बाद झालं. ॲडलेड गाडीने आठ तास, म्हणजे आईच्या कंबरेवर बाद. शेवटी बेंडिगो ठरलं. दोन तासांचं अंतर, जुनं सोन्याच्या खाणींचं शहर, आणि लाँग वीकेंड टाळला तर कॅरव्हान पार्कातली केबिन परवडणारी. केबिनला स्वयंपाकघर होतं, म्हणजे बाहेर खायचा खर्च नाही.

"बघायला काय आहे तिथे?" मावशीने पुण्याहून विचारलं.

"जुनी खाण आहे, जुनी ट्राम आहे. एक मोठा ड्रॅगन आहे, चिनी लोकांचा."

"खाणीत उतरायचं नाही. तुझ्या आईचे गुडघे. खाण वरून बघा, आणि वरच बसून डबा खा. केबिनला गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?"

"चोवीस तास असतं गं मावशी."

"ते सगळेच म्हणतात. विचारून घे."

मी विचारून घेतल्याचं खोटंच सांगितलं. मग डब्यावर आठवडाभर चर्चा झाली. दशम्या की पराठे, तर दशम्या, कारण दोन दिवस टिकतात. दाण्याची चटणी ओली नको, कोरडी. भडंग वेगळ्या डब्यात, मुलीच्या हाती देऊ नका, ती गाडीत सांडेल. लेक बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मा, कॅन वुई जस्ट गेट हॉट चिप्स?" त्यावर दोन देशांतल्या दोन बहिणी एकदम "नाही" म्हणाल्या. मी इतकी हसले की माझ्या मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला.

एकच गोष्ट मी मावशीला न विचारता केली. केबिनचे पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर भरले, तर ती एक-तृतीयांश स्वस्त पडत होती. मी तसेच भरले आणि मोठ्या अभिमानाने मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "माणसं म्हातारी झाल्यावर असलं बुकिंग करू नये गं." मी म्हटलं, "मावशी, तू पण ना!" ऑफिसात माझं कामच आहे ते, काय काय बिघडू शकतं याची यादी करायची. आईचे गुडघे, पाऊस, नवऱ्याची ऐनवेळी लागणारी शिफ्ट, सगळं माझ्या शीटमध्ये होतं.

निघायच्या आदल्या गुरुवारी, सकाळी, मावसभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणते. मावशीला रात्री श्वास घ्यायला त्रास झाला म्हणून दवाखान्यात दाखल केलं होतं. न्यूमोनिया म्हणत होते. ऑक्सिजन लावला होता, पण शुद्धीत होती, बोलत होती.

"घाबरण्यासारखं नाही म्हणतायत डॉक्टर," दादा म्हणाला. "तुझ्या आईला इतक्यात सांगू नकोस. उगाच तिकडे बसून जीव टांगणीला."

"नाही सांगत," मी म्हटलं. क्षणाचाही विचार न करता म्हटलं.

आमच्या घरात वाईट बातमी सरळ सांगायची पद्धतच नाही. ती पायऱ्या करून सांगायची. आधी "जरा बरं नाही", मग "ॲडमिट केलंय", मग "सिरियस आहे", आणि माणूस समोर येऊन बसल्यावर शेवटची पायरी. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं, आयसीयूत आहेत, निघून ये. मी सिंगापूरला विमान बदलताना देवाला काय काय बोलले ते आता आठवलं तरी कसंतरी होतं. मुंबईला दादा घ्यायला आला होता. एक्सप्रेसवेवर त्याने गाडी थांबवली आणि मला बळेच इडली खायला घातली. "घरी गेल्यावर खाणं होईल न होईल," म्हणाला. मला वाटलं, दवाखान्याच्या धावपळीमुळे म्हणतोय. मी चटणी पुन्हा मागून घेतली. बाबांना जाऊन तोवर तीस तास झाले होते. घरी चूल पेटणार नव्हती, हे त्याला माहीत होतं.

लोक विचारतात, राग नाही आला? नाही आला. मला ती माया वाटली. माझा प्रवास निभावा म्हणून सगळ्यांनी, आईनेसुद्धा, तीस तास तोंडाला कुलूप लावलं होतं. तेच मी आता आईसाठी करणार होते. मला वाटलं, आता माझी पाळी.

आईचा फोन आमच्या घरच्या वायफायवर चालतो. बाहेर तो नुसता कॅमेरा. फोनचं काही बिघडलं की ती तो माझ्या हातात देते आणि पुन्हा विचारत नाही. गुरुवारी चार वाजायच्या आत मी "अपडेट करते" म्हणून तो घेतला आणि त्याचं वायफाय बंद करून टाकलं. मग म्हटलं, "काहीतरी गंडलंय याचं. बेंडिगोहून आल्यावर बघते."

"मग तुझ्या फोनवरून लावून दे ताईला."

हे माझ्या यादीत नव्हतं. "अगं, दादाचा मेसेज होता," मी म्हटलं. "मावशी दोन-चार दिवस नणंदेकडे गेलीय. तिथे कसलंसं कार्य आहे."

"मला न सांगता?"

"ठरलं असेल अचानक."

आई चहा घेऊन खिडकीपाशी बसली. चार वाजता तिच्या हातात फोन नाही असं त्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच दिसत होतं. ती मावशीवर रुसली होती.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला दादाचा पुन्हा फोन आला. मी गॅरेजमध्ये गाडीत सामान लावत होते. त्याचा आवाज बदललेला होता.

"आईला आयसीयूत हलवतायत. मास्क आहे, पण बोलतेय. सारखी तुझ्या आईला विचारतेय. तिने स्वतःच्या फोनवरून दोनदा लावला, लागला नाही म्हणते. दे ना तिला फोन. पाच मिनिटं."

मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, की मी दारापर्यंत गेले होते. आई दशम्या लाटत होती. लेक शेजारी ओट्यावर बसून त्या मोजत होती, इंग्रजीत. आईने पदर खोचला होता आणि ती गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी वळले आणि गॅरेजमध्ये परत आले.

"दादा, आम्ही सकाळी निघतोय रे," मी म्हटलं. "आत्ता कळलं तर ती जागची हलणार नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुठे निघालीय ती. रविवारी दुपारी परत येतो. बेंडिगोहून आल्यावर सांगू. तोवर मावशी बाहेर पण येईल आयसीयूतून."

"आणि आईला काय सांगू?"

"सांग, फिरायला गेलीय. रेंज नाहीये तिकडे."

तो "बरं" म्हणाला. तोही आमच्याच घरातला.

नवऱ्याला मी अंगणात गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगून टाक तिला. केबिनचे पैसे गेले तर गेले."

"पैशांचा प्रश्न नाहीये," मी फटकारलं.

खरं सांगायचं तर थोडा होता. परत न मिळणारे पैसे, तयार झालेला डबा, नवऱ्याने अदलाबदल करून मिळवलेली सुट्टी. हे सगळं वाया जाईल याची मला चीड येत होती आणि त्या चिडीला मी आईच्या आनंदाचं नाव दिलं होतं. सगळं खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

शनिवारी आठला निघालो. थंडी पडायला लागली होती, कुरणांवर धुकं होतं. आई मागे लेकीशेजारी बसली होती, पायाशी डबे. काल्डर फ्रीवेला लागलो आणि गाडीच्या स्क्रीनवर दादाचं नाव आलं. गाडीभर रिंग वाजायला लागली. मी इतक्या घाईने बटण दाबलं की स्टिअरिंग धरलेला नवरा दचकला.

"दादाचा फोन ना?" मागून आई म्हणाली. "तिकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत."

दोन देशांच्या घड्याळांचा हिशोब तिला झोपेतही येतो, हे मी विसरले होते.

"खिशातून लागला असेल चुकून," मी म्हटलं.

"चार वाजता कोणाच्या खिशात असतो फोन?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. नवरा समोर रस्त्याकडे बघत राहिला. लेकीने कानातले इअरफोन काढून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" आणि आई म्हणाली, "काही नाही बाळा. तुझी आई सांगत नाहीये." हसून म्हणाली.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी टॉयलेटमध्ये जाऊन दादाला फोन लावला. मावशीला व्हेंटिलेटर लावला होता. आता झोपेच्या औषधाखाली होती. आता फोन कानाशी धरूनही काही उपयोग नव्हता.

"रात्री नळी घालेपर्यंत विचारत होती," दादा म्हणाला. "मी सांगितलं, तू म्हणालीस तसं."

तिथून परत फिरता आलं असतं. तासाभरात घरी पोचलो असतो. पण परत फिरून सांगायचं काय? काल बोलता आलं असतं, आज नाही, असं? मी आरशासमोर तोंड धुतलं. बाहेर आले तर आई पंपाच्या बाकावर बसून, कोणा दोन अनोळखी ऑस्ट्रेलियन आज्यांना भडंगाचा डबा पुढे करत होती. "टेक, टेक. नॉट स्पायसी," असं म्हणत होती. एकीने चिमूटभर घेतलं, आणि डोळ्यांतून पाणी काढत "लव्हली" म्हणाली.

बेंडिगो चांगलं शहर आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या दोन दिवसांत आई खरोखर खूश होती. जुन्या इमारतींपुढे ती थांबून थांबून वर बघायची. ट्राममध्ये लाकडी बाकावर बसली तेव्हा कंडक्टरने तिला तिकीट देताना टोपी काढून नमस्कार केला, आणि तिने लाजून त्यालाच हात जोडले. खाणीपाशी आम्ही वरच बसलो. वारा बोचत होता. तिने दशम्या काढल्या, वर तूप घातलं, चटणी ठेवली, आणि पहिली माझ्या हातात दिली. मी ती परत डब्यात ठेवली. मी तिला म्हटलं, थंडीने घसा धरलाय.

"हे ताईला दाखवायला पाहिजे," ती म्हणायची. ड्रॅगनपाशी म्हणाली, तळ्यापाशी म्हणाली, अगदी केबिनच्या नळाला वाफाळतं पाणी आलं तेव्हाही म्हणाली. फोटो काढायची. निम्म्या फोटोंत तिचं बोट. आणि मग थोडं घुश्शातच, "पण ती बसलीय नणंदेकडे जिलब्या खात. बोलणारच नाहीये मी आधी. तिलाच करू दे फोन."

मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा लेक मध्ये आली. एकदा कोणीच मध्ये आलं नाही, मीच गप्प बसले.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही एका चहाच्या ठिकाणी बसलो होतो. परतीच्या आधी एकच पदार्थ विकत घ्यायचा, असं ठरलं होतं. लेकीने आजीसाठी स्कोन, म्हणजे गोडसर पाव, निवडला होता, जॅम आणि क्रीमसकट. आजीला तो कसा खायचा ते ती शिकवत होती. माझा फोन थरथरला. दादाचा मेसेज होता. आई गेली, सव्वासहाला.

मी फोन उलटा ठेवला. समोर आईच्या वरच्या ओठाला क्रीम लागलं होतं आणि ती स्वतःवरच हसत होती.

"अजून घे ना," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "संपव. घरी जायला तीन वाजतील."

म्हणताना मला एक्सप्रेसवेवरचा दादा आठवला. माझ्या ताटलीत तो इडली वाढत होता तेव्हा त्याला काय होत होतं ते मला तिथे कळलं. आणि तेव्हा मी ज्याला माया समजले होते, ती करणाऱ्याच्या सोयीची पण असते, हेही. पण आता ते कळून काय उपयोग होता?

परतीच्या वाटेवर मी मनात वाक्यं जुळवत बसले. आधी घरी जाऊन चहा करायचा. मग लेकीला तिच्या खोलीत पाठवायचं. मग आईला सोफ्यावर बसवून, हात हातात घेऊन, आधी "मावशीला बरं नव्हतं" असं सुरू करायचं. पायऱ्या मला पाठ होत्या.

तीनला घरी पोचलो. नवरा आणि मी सामान काढत होतो. आई आणि लेक आत गेल्या. मी चादरींचं गाठोडं घेऊन दारात आले तेव्हा लेकीचा आवाज आला.

"आजी, युअर फोन इज फाइन! वायफाय वॉज जस्ट ऑफ. समबडी टर्न्ड इट ऑफ."

आणि मग फोन वाजायला लागला, एकामागून एक. तीन दिवसांचं सगळं एकदम आत येत होतं.

"अगं बाई," आईचा हसरा आवाज. "ताईचे तीन मिस्ड कॉल! बघ, राहवलं नाही ना तिला? थांब, आधी तिला लावते. सगळं सांगायचंय."

मी गाठोडं टाकून धावले. माझ्या मुलीला अडवायला दोन पावलं, आईपर्यंत पोचायला चार. पण रिंग गेली होती. आईने फोन समोर धरला होता, केस नीट केले होते. पलीकडून कोणीतरी उचलला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग दादाचा चेहरा. मागे बायकांचे आवाज होते. दादाला वाटलं, मी सांगितलंय.

"मावशी," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला. "आई गेली गं."

आईने फोन तसाच समोर धरून ठेवला. मग तिने विचारलं, "कधी?"

"आज पहाटे. सव्वासहाला."

तिने मनात तास मोजलेले मला दिसले. ओठ हलत होते. सव्वासहा तिकडचे, म्हणजे इकडचे पावणेअकरा. तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"आजारी कधीपासून होती?"

दादाने सांगितलं. बुधवारची रात्र, गुरुवार, शुक्रवार. मी शेजारी उभी होते, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"शुद्धीत होती का?"

"शुक्रवारी रात्रीपर्यंत होती."

"मला विचारलं?"

निदान तेव्हा तरी दादाने खोटं बोलावं, असं मला वाटलं. पण तो दमला होता, त्याची आई गेली होती, आणि त्याच्यात आता पायऱ्या करायची ताकद नव्हती.

"सारखी विचारत होती, मावशी. मी सांगितलं, तू फिरायला गेलीयस, रेंज नाहीये."

"काय म्हणाली?"

"काही नाही. मान हलवली."

आईने फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला. मग ती उठली, आणि बातमी ऐकल्यावर करायची ती आंघोळ करायला गेली, डोक्यावरून. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. लेक रडत मला विचारत होती, "मम्मा, डिड आय डू समथिंग राँग?" आणि मी तिला जवळ घेऊन नाही नाही म्हणत होते.

आई ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा मी तिच्या पायांशी बसले आणि रडत सगळं सांगितलं. गॅरेज, दार, दशम्या, गुणगुणणं. "तुझा आनंद मोडायचा नव्हता गं मला," मी म्हटलं.

"आनंदाचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती माझी बहीण होती."

मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाहीच, भिंतीशी बोलल्यासारखी ती म्हणाली, "तू झालीस तेव्हा माझा ताप उतरेना. तिची बस दारात उभी होती, पंचवीस बायका बसलेल्या. पैसे भरलेले. ती बसमधून उतरली आणि माझ्याकडे आली. बायका सहा महिने बोलत नव्हत्या तिच्याशी." तिने केसांचं पाणी पिळलं. "आणि तिला वाटलं असेल, मला कळलंय. मला कळलंय, आणि तरी मी फिरायला गेले."

मी म्हटलं, "तिला तसं वाटलं नसेल गं." ते मलाही पटलं नाही. मावशी मान हलवून गेली आणि त्या मान हलवण्याचा अर्थ आता कोणीच सांगू शकणार नाही. मी आईकडून एक फोन हिरावून घेतला असं मला वाटत होतं. मी मावशीकडून तिची बहीण काढून घेतली होती, हे मला त्या दिवशी त्या ओल्या केसांकडे बघताना कळलं. ते मला भरून देता येणार नाही, आईलाही नाही आणि मावशीला तर नाहीच.

तिकीट बदलून आई मंगळवारी गेली, दहाव्याला पोचायला. विमानतळावर तिने लेकीचे खूप लाड केले. माझ्याही डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, जेवत जा वेळेवर.

याला आता आठ महिने झाले. आई पुण्यात एकटी राहते. आता आमचा फोन रोज होतो, मीच लावते, दुपारी चारला. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" म्हणते. मी तिचा चेहरा नीट बघते, मागची भिंत कोणती आहे ते बघते.

गेल्या महिन्यात आम्ही नवऱ्याच्या वाढदिवसाला दोन दिवस बाहेर गेलो होतो. जवळच. त्या दोन दिवसांतही ती चारला फोनवर बोलली, मुलीशी हसली, मागे आपली नेहमीची भिंत. परत आल्यावर दादाकडून कळलं की आई त्याच्या आदल्या आठवड्यापासून डेंग्यूने आजारी होती आणि शनिवारी माझा फोन झाल्यावर तिला सलाइन लावायला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. संध्याकाळी घरी सोडलं. दोन्ही दिवस तिने पावडर लावली होती आणि त्या भिंतीसमोर बसून माझा फोन घेतला होता.

मी तिला विचारलं. ओरडूनच विचारलं, मला का नाही सांगितलंस म्हणून.

"तुमचं फिरायला जायचं ठरलं होतं ना," आई म्हणाली. "म्हटलं, आल्यावर सांगू."

ती मला टोमणा मारत होती की तिला खरंच तसं वाटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.